दोनची

मुहर्रकच्या गल्लीत एक वाजला की शटरं पडत.
चारपर्यंत शहर उताणं.
डाळ-खुबूस संपवून इस्माईल तागांवर आडवा व्हायचा,
मी टीव्हीवरचं फडकं काढायचो.

मालिकेचं नाव मला कधी नीट कळलं नाही.
आम्ही तिला दोनची म्हणायचो,
जशी एखादी एसटी असते, दोनची.

बोलणं इंग्रजीत. ते येत नव्हतं.
खालच्या पट्टीवर अरबी अक्षरं पळायची,
ती बाणकोटच्या मदरशात छडी खाऊन शिकलेलो.
वाचता येत, अर्थ लागत नसे.
मग दोन भाषांच्या मधल्या फटीत
मी माझी गोष्ट शिवून घेतली.
इस्माईल म्हणायचा, तो तिचा भाऊ.
मी म्हणायचो, भाऊ असं दार लावत नाही.

तिचं नाव क्लॅरिसा. एवढं कळायचं,
कारण रोज कोणीतरी जिन्याखालून तिला हाक मारायचं.
तीन लग्नं, त्यातली दोन एकाच माणसाशी.
एकदा विमान पडून मेली,
दीड वर्षाने परत आली, त्याच निळ्या गाऊनमध्ये.
इस्माईल रडला.
मी पाहिलं, कमरेत पाऊण इंच सोडलाय.

शिंप्याला माणूस आधी मापात दिसतो.
तिचा डावा खांदा अर्धा इंच उतरता होता.
वाईट बातमी आली की आधी तो पडायचा,
चेहरा मागाहून.

उम्म खलील बुधवारी यायची,
अबायातून बोट काढून हवेत बाही आखायची:
कालची.
तेवढं पुरे. रात्री मी कागद कापायचो.
त्या वर्षी मुहर्रकच्या कितीतरी लग्नांत
बायकांच्या दालनात, जिथे मला कधी जाता येणार नव्हतं,
क्लॅरिसा नाचली.

मग ती थंडी आली, लढाईची.
खिडकीच्या फटीत आम्ही अस्तराच्या चिंध्या कोंबल्या.
दोन वाजता पडद्यावर बातम्या,
बाहेर उत्तरेकडून आलेला तेलाचा धूर,
वाळत घातलेले सदरे सुद्धा काळवंडलेले.

किती आठवड्यांनी कोण जाणे, दोनची परत लागली.
तोच जिना. तीच हाक.
उतरली ती दुसरीच बाई.
वरून एक पुरुषी आवाज काहीतरी सांगून गेला,
आम्हाला कळलं नाही.
आम्ही वाट पाहत बसलो, आता कोणी ओरडेल.
नवऱ्याने तिला जवळ घेतलं.
पोरगा आई म्हणाला.
इस्माईलने मशीनवर हात आपटला: आंधळे झाले का सगळे!
तिचे दोन्ही खांदे सारखे होते.

त्याच मे महिन्यात मी गावी गेलो, तीन वर्षांनी.
मैमुनाने चहा ठेवला.
शेजारणी म्हणाल्या, आलास का.
धाकटीला कोणीतरी पुढे ढकललं, अब्बांना सलाम कर.
तिने केला. व्यवस्थित, पाहुण्याला करतात तसा.
सगळी मला मीच समजून वागत होती.
मी ओट्यावर बसून राहिलो,
कोणी ओरडतंय का ऐकत.

आता दुकान इस्माईलचा मुलगा बघतो. इस्माईल नाही.
मी काजं करतो, डोळे चालतील तोवर.
परवा पोराने मोबाईल पुढे धरला,
चाचा, तुमची दोनची वारली.
चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी, मागे कुठलीशी बाग,
खाली एक लांबलचक नाव, कधी न ऐकलेलं.
पहिली की दुसरी? पोराला काय माहीत.
त्याने दोन बोटांनी चित्र मोठं करून दिलं.

डावा.

जुन्या वह्या मी फेकलेल्या नाहीत.
एका पानावर, उम्म खलीलच्या पाठीमागे,
माझ्याच तरण्या अक्षरात:
क्लॅरिसा. छाती छत्तीस. कंबर सव्वीस.
खांदा चौदा, डावीकडे जाड पॅड.
आगाऊ: काही नाही.
कधी देणार: मंगळवार.